मे महिन्यात स्वेटर विणणारी अक्का

उन्हाळ्यात दुपारी आमचं शिंदखेडा बंद असतं. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, कुत्री हातगाड्यांखाली शिरतात, घराघरांतून कूलरची घरघर सुरू होते. अशा वेळी आमच्या गल्लीतून एकच माणूस चालत जायचं. अंगात पुरुषाचा ढगळ पांढरा शर्ट, खाली घोट्यापर्यंतचा सुती परकर, डोक्यावर ओला पंचा आणि पायात रबरी चपला. ती अक्का. बस स्टँडपर्यंत जायची, तिथल्या सिमेंटच्या बाकावर पाय लांब करून बसायची, डोळे मिटायची आणि पंचा पूर्ण वाळला की उठून परत यायची.

मी लग्न होऊन नाशिकहून इथे आले तो एप्रिल होता. पहिल्याच आठवड्यात मी खिडकीतून तिला पाहिलं आणि सासूबाईंना विचारलं, "ही बाई कोण? हिला कुणी सांगत नाही का?"

सासूबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगीसन थकनूत. ती आपली अक्का शे. नॉर्वेनी."

शेजारच्या नानांच्या थोरल्या भावाची ती बायको. नानांचा हा भाऊ फार वर्षांपूर्वी शिकायला म्हणून बाहेर गेला आणि नॉर्वेच्या पार उत्तरेला, समुद्राकाठच्या एका गावात, मासे साठवायच्या कारखान्यात इंजिनिअर झाला. काम काय, तर बर्फाची यंत्रं चालू ठेवणं. बर्फाच्या देशात जाऊन हा माणूस बर्फ करत बसला, असं नाना सांगायचे आणि स्वतःच हसायचे. तिथलीच मुलगी त्याने केली. त्या गावात हिवाळ्यात दोन महिने सूर्य वर येत नाही. दिवे लावून जेवायचं, दिवे लावून भाजी आणायची, दिवे लावून पोरांना शाळेत सोडायचं. हे मला पुढे अक्कानेच सांगितलं.

मराठी तिला येत नव्हती. तिला येत होती ती अहिराणी, नवऱ्याकडून घरात शिकलेली. म्हणजे आमच्याकडे ती आली तेव्हा हिंदी नाही, इंग्रजी थोडकी आणि अहिराणी मात्र अशी की बाजारातल्या बायका भाव सांगायचं विसरून जायच्या. उच्चार नाकातून यायचे, 'ळ' तर आयुष्यात जमला नाही, पण 'शे' आणि 'व्हतं' अगदी ठसठशीत. अहिराणीत मोठ्यालाही 'तू' चालतं, म्हणून ती सरसकट सगळ्यांना 'तू' म्हणायची. तहसील कचेरीत तिच्या राहण्याच्या कागदांचं काही काम होतं, तेव्हा मी सोबत गेले होते. साहेबांसमोर खुर्ची ओढून ती म्हणाली, "तू जेवना का, भाऊ?" साहेब धुळ्याकडचेच असावेत. आधी दचकले, मग म्हणाले, "नही व अक्का, आजून नही." काम त्या दिवशीच झालं.

मी तिला सुरुवातीला 'तुम्ही' म्हणत असे. एकदा तिने मला थांबवलं. मागे वळून पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "आठे मी एकलीच शे. आखो कोन शे?" आखो म्हणजे आणखी. त्यानंतर मीही 'तू'वर आले. सासूबाईंना ते कधी आवडलं नाही.

नानांचं घर दोन मजली. खाली नानांची खोली आणि स्वयंपाकघर, वर एकच खोली आणि गच्ची. नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुरतेला. अक्का आली तेव्हा नानांनी तिला खालची खोली देऊ केली होती. तिने वरची मागून घेतली. वरचा स्लॅब मे महिन्यात तव्यासारखा तापतो, संध्याकाळी पाणी मारलं तर वाफ निघते. नाना स्वतः मार्चपासून जूनपर्यंत सूर्य मावळल्याशिवाय जिन्याला पाय लावत नसत. उन्हाला ते माणसासारख्या शिव्या द्यायचे. सकाळी दार उघडून वर बघायचे आणि म्हणायचे, "उना का, मुडद्या?" म्हणजे, आलास का.

अक्का मात्र त्या खोलीत पंखाही बंद करून बसायची आणि लोकर विणायची.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला स्वतःलाच घाम फुटला. बाहेर पंचेचाळीस, मांडीवर जाड लाल लोकरीचा गुंडा, आणि सुया अशा चालताहेत की नजर ठरत नाही. बाजारातल्या मारवाडी शेटजींकडे हिवाळ्यात न खपलेली लोकर माळ्यावर पडलेली असायची. ऐन मे महिन्यात लोकर मागणारं गिऱ्हाईक त्यांनी दुकान काढल्यापासून पाहिलं नव्हतं. आधी त्यांना वाटलं, बाईला दुसरं काहीतरी हवंय, शब्द चुकतोय. त्यांनी तिला सुती धागा दाखवला, मग सुतळी दाखवली. शेवटी तिने स्वतःच माळ्याकडे बोट केलं.

मी विचारलं, "अक्का, हे थंडीत का नाही विणत?"

तिने सुया बाजूला ठेवून दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांचे सांधे गाठीगाठींचे, करंगळ्या बाहेर वळलेल्या. "थंडीमा ह्या बंद व्हतस," ती म्हणाली. "तठे माले शर्टनं बटन लावता नही ये. आठे एप्रिलमा उघडतस."

तिचं सगळं विणकाम म्हणूनच उन्हाळ्यातलं. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात तिचा एक तरी स्वेटर आहे. तिने ते मे महिन्यात मापाला घालायला लावले, ही त्यातली अडचण. माझे सासरे तिला येताना पाहिलं की मोरीत जाऊन कडी लावायचे.

गच्चीवरचा तिचा दुसरा उद्योग राखणीचा होता. आमच्याकडे उन्हाळ्यात बायका कुरडया, शेवया आणि बिबडे, म्हणजे ज्वारीचे जाडसर पापड, करतात आणि गच्चीवर वाळत घालतात. चिमण्या, कावळे, एखादं माकड, यांच्यापासून ते कुणीतरी सांभाळावं लागतं, आणि दुपारी वर बसायला कुणी तयार नसतं. अक्का तयार असायची. शेजारपाजारच्या बायका आपापली जुनी लुगडी आणि शिजवलेलं पीठ घेऊन नानांच्या गच्चीवर यायच्या, सकाळीच सगळं घालून खाली पळायच्या. दिवसभर ती त्या पांढऱ्या ओळींच्या मध्ये बसून असायची. मजुरी म्हणून अर्धवट वाळलेला बिबडा तोडून खायची. ओला बिबडा तिला इतका आवडायचा की चिमण्या बऱ्या, असं सासूबाई म्हणायच्या.

तिला शिंदखेड्याच्या उन्हाचा अभिमान होता, आणि भुसावळचा हेवा. पेपरात रोज तापमान येतं आणि भुसावळ, जळगाव नेहमी आमच्या पुढे असतं. नाना पेपर वाचून दाखवायचे आणि तिचं तोंड उतरायचं. माझा भाऊ तेव्हा दीपनगरला, वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचा. हे कळल्यावर ती माझ्या मागे लागली. शेवटी एका मे महिन्यात मी तिला घेऊन पॅसेंजरने भुसावळला निघाले. निघताना नाना ओट्यावरून ओरडले, "लोक थंड हवाले जातस आनि ही भुसावळले चालनी!"

भुसावळच्या फलाटावर उतरलो तेव्हा लोक नळाखाली डोकी धरत होते. माझी जीभ टाळूला चिकटली होती. अक्का फलाटाच्या छपराबाहेर गेली, जिथे नुसती खडी आणि रूळ होते, आणि तिथे उभी राहिली. गरम चहाची चव घ्यावी तशी तोंड किंचित उघडून तिने दोनतीन श्वास घेतले. मग परत आली आणि मोठ्या मनाने म्हणाली, "आठलं आखो चांगलं शे."

दीपनगरला भावाच्या घरी एसी होता. आम्ही आत गेल्यावर वहिनीने कौतुकाने तो लावला. अक्का पाच मिनिटांत बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. भाऊ मला हळूच म्हणाला, "ताई, यांना काही होत नाही ना?" मी म्हटलं, "थंडीचं होतं."

पण या सगळ्याच्या मुळाशी एक राग होता, आणि तो मला बऱ्याच उशिरा कळला.

तिचा नवरा तिकडेच वारला. त्याच्या अस्थी तापीत सोडायच्या म्हणून ती पहिल्यांदा इथे आली, ती दोन आठवड्यांसाठी. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि त्या चाळीस वर्षांत त्याने तिला एकदाही आणलं नव्हतं. ती दर हिवाळ्यात विचारायची. तो दर हिवाळ्यात सांगायचा, तिथलं ऊन तुला सोसणार नाही, तिथे धडधाकट माणसं उन्हाने मरतात, तू तर आठ दिवसही टिकणार नाहीस. तिने विश्वास ठेवला. अस्थी घेऊन निघाली तेव्हा मुलीला सगळं सांगून, घराची आवराआवर करून निघाली, कारण परत येऊ याची तिला खात्री नव्हती.

"मी गाडीथीन उतरनू," ती मला म्हणाली, "आनि मना हात उघडनात. त्याच दिवसले." सुया तिने खाली ठेवल्या. "तो खोटं बोलना. चालीस वरीस मना हात दुखनात आनि तो खोटं बोलना."

त्याच्यावर ती इतकी चिडली होती की पुढे कायमची राहायला आली तेव्हा त्याचे शर्ट सोडून त्याचं काहीच तिने इथे आणलं नव्हतं. फोटोसुद्धा नाही. दुपारचं ते चालणं, ती वरची खोली, सगळं त्या मेलेल्या माणसाला दाखवण्यासाठी होतं. बघ, मी मेले नाही.

आणि मग एका मे महिन्यात ती खरोखरच मरता मरता वाचली.

आदल्या दोन दिवसांपासून तिला बारीक ताप होता. तो तिने कुणाला सांगितला नाही. दुपारी नेहमीसारखी निघाली. बस स्टँडसमोर केशकर्तनालय आहे. त्याच्या मालकाला वाटलं, अक्का आज जास्त वेळ बसलीय. शटर वर करून तो पाहायला गेला, तर पंचा कधीच वाळून खाली पडलेला, अंग भट्टीसारखं, घामाचा टिपूस नाही, आणि ती कुणाशी तरी तिच्या भाषेत बोलतेय. त्याने तिला उचलून दुकानात आणलं, अंगावर पाणी ओतलं आणि आम्हाला फोन केला. माझ्या नवऱ्याने जीप काढली. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, ओल्या चादरी बदलत होते. नाना पुढे बसले होते. धुळ्याच्या दवाखान्यापर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. संध्याकाळी तिने डोळे उघडे ठेवले आणि बोलायला लागली. पहिलं वाक्य हेच, "तो खरं बोलना व्हता."

नाना कॉटजवळच्या स्टुलावर बसले होते. मी मोसंबी सोलत होते. नाना म्हणाले, "नही, वहिनी."

तिने उशीवरची मान त्यांच्याकडे वळवली.

"तो ऊनले नही घाबरना," नाना म्हणाले. "तो आमना बापले घाबरना. लगीन करं तवय बापनी त्याले सांगं, तिले घीसन मना दारमा येवानं नही. आनि तो नही उना. तुले तो कसं सांगी? मंग ऊननं नाव सांगं."

मी मोसंबीची फोड हातात घेऊन तशीच उभी. मग अक्काने विचारलं, "तुना बाप कवय मरना?"

"तीस वरीस व्हयनात."

"मंग तीस वरीस तू काबर नही बलावं?"

नानांनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं. "माले वाटनं, तो मोठा साहेब व्हयना. आठे काबर येई? मीच वाट देखत बसनू, तो कवय ई म्हनीसन."

अक्काने भिंतीकडे तोंड केलं. दवाखान्यात असेपर्यंत ती नानांशी एक अक्षर बोलली नाही. नाना रोज सकाळी एसटीने यायचे, स्टुलावर बसायचे आणि संध्याकाळी जायचे.

चारपाच दिवसांत तिची मुलगी आली. उंच, आईसारखीच फिक्या डोळ्यांची, पण केस आणि नाक पक्कं आमच्याकडचं. नानांनी तिला पाहिलं आणि ते स्टुलावरून उठून उभे राहिले, कारण त्यांची आई तशी दिसायची. मुलगी आईला न्यायला आली होती. दोघी त्यांच्या भाषेत भांडल्या. मला त्यातलं फक्त 'पापा' कळत होतं आणि ते बऱ्याच वेळा येत होतं. मुलगी शेवटी बाहेर व्हरांड्यात आली आणि मला इंग्रजीत म्हणाली, "ती इथे मरेल. तुम्हाला दिसत नाही का?"

मला दिसत होतं. मी पाहिलं होतं, माझ्याच मांडीवर. मी म्हटलं, "दिसतं. पण तिला तिच्या हातांबद्दल विचारा."

तिने विचारलं की नाही, मला माहीत नाही. पण संध्याकाळी मी गेले तेव्हा ती आईच्या कॉटवर बसून तिची बोटं एकेक करून उघडत होती, मिटत होती.

अखेर तह झाला. अक्का राहणार, पण खालच्या खोलीत. दुपारी बाहेर पडणार नाही, फक्त सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी. नानांनी आपली खाट, आपलं पेटीतलं सामान आणि बापाचा फोटो उचलला आणि ते वरच्या खोलीत गेले. कूलर वर न्या, म्हणून आम्ही कितीदा सांगितलं. "ऱ्हाऊ दे तिनाकडे," म्हणाले. अक्का तो लावतच नव्हती, हे त्यांना माहीत होतं. पहिला आठवडा ते दुपारभर आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, पण तक्रार केली नाही. एका सकाळी अक्काने दोन कप चहा केला, जिन्याखाली उभी राहिली आणि वर बघून हाक मारली, "ये रे. थंड व्हयी." दवाखान्यानंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली ते हे. त्याच पावसाळ्यात तिने मुलीकडून नवऱ्याचा एक फोटो मागवला आणि खालच्या खोलीत खिळा ठोकून लावला.

असे दोन उन्हाळे गेले. बस स्टँडचा बाक सुटला, पण बाकी सगळं चालू होतं.

नोव्हेंबरात एकदा मुलीचा फोन आला. तिचं मोठं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. ती एकटी राहायची. तिने आईला ये म्हटलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. अक्काने फोन ठेवला आणि ट्रंक खाली काढली.

नाना म्हणाले, "वहिनी, मार्चमा जाय. आते तठे अंधार व्हई. तुना हात..."

"आंडेर आते आजारी शे," अक्का म्हणाली. "मार्चमा नही." आंडेर म्हणजे मुलगी.

मी तिचे शर्ट घडी घालून दिले, कारण सकाळच्या गारठ्याने तिची बोटं वळायला लागली होतीच. स्टेशनवर तिने मला जवळ घेतलं. नानांच्या पुढ्यात जाऊन ती उभी राहिली, त्यांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं ते लावायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तसंच सोडून ती गाडीत चढली.

मुलीला बरं व्हायला फार दिवस लागले. अक्का अजून तिकडेच आहे. तिथे तिच्या हातांनी काही होत नाही, फोनसुद्धा मुलगी धरते. येते म्हणते. आता तिचं वय बघता, प्रवासाला डॉक्टर काय म्हणतील ते सांगता येत नाही, आणि आम्हीही विचारत नाही.

या एप्रिलमध्ये एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे खिडकी होती आणि खिडकीबाहेर बर्फ. माझी खुशाली विचारून झाली, सासूबाईंची झाली, मग म्हणाली, "जरा ऊन दखाड."

मी आमच्या गच्चीवर गेले आणि फोन बाहेर वळवला. पांढरी भगभगीत गच्ची, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या कुरडया, खाली रिकामा रस्ता. मी पदर डोक्यावर ओढून हात लांब करून उभी होते. तेवढ्यात फोन तापला, पडद्यावर काहीतरी इशारा आला आणि तो बंद पडला.

मी खाली येऊन तो माठाजवळ ठेवला. नाना आमच्या ओट्यावर सावलीत बसले होते. त्यांच्या खिशातला फोन वाजला.

"काय व वहिनी? ... हा, तिना फोन तापी गया ... ऊन?" त्यांनी एकदा बाहेर पाहिलं. मग उठले, माठातलं पाणी रुमालावर ओतून तो डोक्यावर घेतला आणि फोन पुढे धरून आमच्या घराचा जिना चढायला लागले. मी मागोमाग जाणार होते, सासूबाईंनी हाताने थांबवलं.

वरून त्यांचा आवाज येत होता. "ही देख, टाकी ... तठे बस स्टँड, दखास का? ... कोनी नही, बठ्ठा घरमा शेतस ..." आम्ही दोघी खाली उभ्या राहून ऐकत होतो. मग पुन्हा त्यांचा आवाज आला.

"नही, नही. माले काही नही होत. तू देख."